आडवी करा

शुर्शो म्हणतो, ही घ्या, साडेसातशे, जुळे सिलिंडर,
सगळे हीच नेतात.
सगळे.
मी एकसष्ट वर्षांची आहे, डोरिंदा, गुरांची डॉक्टर,
आणि सगळ्यांचे गुडघे काही मी पाहिलेले नाहीत.

दुकानात नव्या रबराचा वास, कालच्या कॉफीचा वास.
कागदावर सही: पडली तर भरपाई माझी.
'पडली तर' एवढंच त्यानं भरभर वाचलं.

पहिली निळी.
सीट इतकी उंच, की सिग्नलला मी
दांडीवरच्या कोंबडीसारखी, एका पायाच्या बोटांवर.
पण सुटली की काय सुटते!
सील नदीच्या उतारावर, द्राक्षांच्या पायऱ्यापायऱ्यांतून
एक वळण संपायच्या आत दुसरं मागते.
तिसऱ्या गिअरात मी मोठ्यानं हसले,
हेल्मेटात माझंच हसू गरम होऊन परत आलं.
वर चॅपेलपाशी गाडी उलटी वळवायची होती.
बोटं टेकली, खडी सरकली,
आणि पोटात फेब्रुवारी उभा राहिला.

दुसरी चारशेची. करडू आहे नुसतं.
क्लच दोन बोटांत, दोन्ही टाचा जमिनीवर.
गल्लीबोळात गुणी, पण हायवेला
एकशेदहावर आरसे थरथरू लागले,
मागचा एक ट्रक तीन ट्रक दिसला.
माझे तर निम्मे गोठे हायवेपलीकडे.

तिसरी त्यानं कोपऱ्यातून ओढून काढली,
पाचशेची, शेवाळी रंगाची, सीटवर धूळ.
हिला कुणी विचारत नाही, म्हणाला.
चालवली. ठीक आहे.
ठीक आहे याहून जास्त काही म्हणवत नाही,
तक्रारही सुचत नाही. ब्रेक सांगितल्याबरोबर ऐकतो.

परत आल्यावर म्हटलं,
आता तिन्ही आडव्या करा.
काय करा?
आडव्या. मागच्या गवतावर.

तो हसला. मग हसायचा थांबला.
जुनी गादी आणली, पुठ्ठे आणले.
टायर बदलायला आलेली दोन पोरं सिगारेट विझवून बघत राहिली.

बसलेल्या गाईला हातानं उठवता येत नाही,
तिच्या अंगाला अंग लावावं लागतं.
पाठ सीटला, एक हात हँडलला, एक मागच्या दांड्याला,
मान वर, आणि ढुंगणानं रेटत
एकेक पाऊल मागं.

चारशेची तर पोतं उचलावं तशी आली.
निळी गुडघ्यापर्यंत आली,
तिथं थोडा वेळ माझ्याशी बोलली,
परत गादीवर जाऊन निजली. दोनदा.
शेवाळी अर्ध्यावर अडली.
पोरातला एक पुढं झाला, त्याला मी डोळ्यांनी थांबवलं.
मग आली. स्टँडवर टेकवली तेव्हा
माझ्या मांड्या त्या आरशांसारख्या थरथरत होत्या.

एवढं कशाला? शुर्शोनं विचारलं. पडतंय कोण?

मग सांगितलं. घरीसुद्धा पंक्चर म्हणून सांगितलं होतं.
निलगिरीचा ओला पाला, माझी जुनी अकराशे,
पहाटे चारला अडलेल्या गाईचा फोन.
गाडी आडवी, मी तिच्या बाजूला.
तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा नुसती बसले
हेडलाइटच्या उजेडात, पावसात,
अमारोचा ट्रॅक्टर येईपर्यंत, चाळीस मिनिटं.
गोठ्यात पोचले तर वासरू माझ्यावाचून झालेलं,
ओलं, लडबडतं,
आणि स्वतःच्या चार पायांवर उभं.

शुर्शो काही बोलला नाही.
खाली वाकून त्यानं डाव्या पायाची पँट वर केली.
गुडघ्यापासून घोट्यापर्यंत टाके, मुंग्यांची रांग जशी.
नव्वद किलोची होती, म्हणाला. मोपेड.

शेवाळीची किंमत लिहून घेतली, पन्नास युरो पाडून.
निघताना निळीकडं बघू नये असं ठरवलं होतं.
तिचे आरसे अजून
माझ्या उंचीला लावलेले होते.